रुमाल कडक होत नाही

(सातारा जिल्ह्यातून आलेल्या एका लांब पत्राचा हा गोषवारा. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.)

पत्र लिहिणाऱ्या ताई ३८ वर्षांच्या आहेत. यजमान ४३ वर्षांचे, साखर कारखान्यात वजनकाट्यावर कामाला. वर्षभर त्यांना दुचाकी चालवताना दोन्ही बाजूंचं नीट दिसत नव्हतं. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून गेले, तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय करायला सांगितला. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीवर गाठ निघाली, कॅन्सरची नव्हे. पुण्यात एका खासगी रुग्णालयात नाकातून दुर्बीण घालून ती काढली. सहाव्या दिवशी घरी सोडलं. बाजूचं दिसायला लागलं म्हणून पेढेही वाटून झाले.

दहाव्या दिवशी डाव्या नाकपुडीतून पाणी येऊ लागलं. ऑपरेशन नाकातून झालंय, थोडी सर्दी व्हायचीच, असं वाटून ताईंनी वाफ दिली, ओव्याची पुरचुंडी हुंगायला दिली, आल्याचा काढा दिला. गावातल्या डॉक्टरांनी अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या. तेराव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला, मान ताठली, यजमान असंबद्ध बोलू लागले. रातोरात पुणे गाठलं. पाठीतलं पाणी काढून तपासलं आणि 'मेनिंजायटिस, मेंदूच्या आवरणाला सूज' असं सांगण्यात आलं. नऊ दिवस आयसीयू धरून एकूण तेवीस दिवस रुग्णालयात गेले. मधले पाच दिवस पाठीत नळी होती. नाकातलं पाणी थांबलं, ताप उतरला, घरी आले.

आता घरी येऊन पाच आठवडे झालेत. सासूबाई म्हणतात, आता काही झालं तरी डोक्याला पुन्हा हात लावू देणार नाही. ठाण्याचे दीर म्हणतात, हत्यारं अस्वच्छ असणार, केस टाकू. शिवाय पाण्याच्या रिपोर्टात जंतू वाढलेच नाहीत, मग तीन आठवडे इंजेक्शनं कशाला मारली? जाऊबाईंनी आपल्या मुलांना या घरी पाठवणं बंद केलंय आणि यजमानांचं ताट-वाटी वेगळं ठेवायला सांगितलंय. यजमान चिडतात, विसरतात, दुपारभर पडून असतात. (दहा दिवसांपासून सकाळी बूट घालायला वाकले की नाकातून दोन-चार थेंब पडतात. पुढची तपासणी बारा दिवसांनी आहे. हे अजून कुणाला सांगितलेलं नाही, कारण पाणी परत आलं तर आतलं भोक बुजवायला पुन्हा ऑपरेशन लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते.)

ताई विचारतात: "वाफ मी दिली. जंतू माझ्यामुळे आत गेले का? हे मी यजमानांना अजून सांगितलेलं नाही. आणि आता केस करावी, की नशिबात होतं म्हणून सोडून द्यावं?"

ताई,

तुमचं पत्र वाचलं त्याच दुपारी तुम्हाला फोन केला होता. ज्यांनी ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांना आजच कळवा, बारा दिवस थांबू नका, एवढंच सांगितलं. तुम्ही "हो" म्हणालात, पण त्या "हो"मध्ये काही दम वाटला नाही. म्हणून हे लांबलचक उत्तर लिहायला बसले आहे.

मी डॉक्टर नाही, हे नव्या वाचकांसाठी पुन्हा सांगते. न्यूरोसर्जरीच्या वॉर्डात आणि आयसीयूत सव्वीस वर्षं सिस्टर होते. ऑपरेशननंतर मेंदूच्या आवरणाला सूज आलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यापेक्षा जास्त वेळ त्यांच्या नातेवाइकांना पाहिलंय, आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर.

तुमचं पत्र सहा पानांचं आहे. त्यातली साडेपाच पानं दोष कुणाचा यावर खर्ची पडली आहेत. तुमचा, डॉक्टरांचा, हत्यारांचा, नशिबाचा. थेंबांची गोष्ट येते पाचव्या पानावर, आणि तीही कंसात. वर गोषवाऱ्यात मी तो कंस मुद्दाम तसाच ठेवलाय. तुम्ही विचारलेला प्रश्न मागाहून घेऊ. आधी कंसातला.

मेंदूभोवती तीन आवरणं असतात. बाहेरचं जाड, चामड्यासारखं. आतली दोन तलम. त्या दोन तलम पापुद्र्यांच्या मधे नितळ पाणी खेळतं असतं. मोठ्या माणसात एका वेळी साधारण १५० मिलिलिटर, म्हणजे कपभर. पण दिवसाकाठी जवळजवळ अर्धा लिटर नवं तयार होतं आणि तेवढंच जुनं रक्तात जिरतं. रक्तात जंतूंशी लढणाऱ्या पेशींची फौज असते, तशी या पाण्यात नसते. तिथे जंतू शिरला की त्याला रान मोकळं. पिट्यूटरीची गाठ काढायला नाकाच्या मागची हाडाची पातळ भिंत उघडावी लागते. गाठीच्या वरचा पापुद्रा फाटला आणि केलेलं लिंपण नीट धरलं नाही, की हे पाणी नाकात उतरतं. पाणी ज्या वाटेनं खाली येतं त्याच वाटेनं जंतू वर जातात. नाक कुणाचंच निर्जंतुक नसतं.

तुमच्याकडे कौलारू घर आहे की नाही मला ठाऊक नाही, पण कौल फुटल्यावर काय होतं ते तुम्ही पाहिलं असेल. जमीन ओली होते, आपण पुसतो, कोरडी होते, आणि जरा हायसं वाटतं. तेवीस दिवस रुग्णालयात जमीन पुसून झाली, ताई. ताप गेला तो त्यामुळे. पाठीतल्या नळीनं पाण्याचा दाब कमी ठेवला तोवर कौलातून गळणंही थांबलं. आता पुन्हा थेंब पडत असतील तर कौल सांधलं गेलेलं नाही, असं धरूनच चालायला हवं. आणि ती वाट उघडी राहिली तर हाच आजार पुन्हा होऊ शकतो. महिन्यानं, वर्षानं, कधीही. तुम्ही ऑपरेशन टाळण्यासाठी थेंब लपवताय. थेंब लपवल्यानं ऑपरेशन टळत नाही, फक्त ते आजार उलटण्याच्या आधी होतं की नंतर, एवढाच फरक पडतो.

आता हे थेंब सर्दीचे असू शकतात का? असू शकतात. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर नाक काही दिवस गळतंच. पण एकाच नाकपुडीतून, पाण्यासारखं पातळ, वाकल्यावर किंवा सकाळी उठल्यावर येणारं, घशात उतरलं तर खारट लागणारं पाणी संशयाचं. आमच्या वॉर्डातल्या जुन्या आया एक साधी खूण सांगायच्या: शेंबडाचा रुमाल वाळला की कडक होतो, या पाण्याचा होत नाही. खूण म्हणून ठीक, पण त्यावर निकाल लावायचा नाही. दवाखान्यातून स्वच्छ झाकणाची बाटली आणा, सकाळी वाकल्यावर पडणारे थेंब तिच्यात धरा आणि डॉक्टरांकडे न्या. बीटा-२ ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन त्यात आहे का ते प्रयोगशाळेत तपासतात. मेंदूच्या पाण्यात ते असतं, सर्दीच्या पाण्यात नसतं. ही सोय सगळीकडे नसते. तिथे पातळ कापांचा सीटी, एमआरआय आणि नाकातली दुर्बीण यांवर भागवतात. घरातल्या शुगरच्या पट्टीवर मात्र प्रयोग करू नका. सर्दीच्या पाण्यातही पट्टी रंग बदलते, आणि मेनिंजायटिस असेल तर मेंदूच्या पाण्यातली साखर उतरलेली असते. म्हणजे दोन्हीकडून फसायला होतं.

डॉक्टर भेटेपर्यंत यजमानांनी नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर दाबायची नाही, तोंड उघडं ठेवून येऊ द्यायची. बूट तुम्ही घाला, किंवा त्यांना चपला घालू देत. खाली वाकणं नको. उशाशी दोन उशा. पाण्याची कळशी, गॅसची टाकी उचलायची नाही. शौचाला जोर लावावा लागत असेल तर डॉक्टरांना विचारून इसबगोल किंवा तसलं औषध सुरू करा. नातेवाईक हे सांगायला लाजतात आणि नेमकं त्याच जोरानं लिंपण सुटतं. ताप १००.४ च्या वर गेला, डोकं वाढत्या जोरानं दुखू लागलं, उलटी झाली, मान दुमडेना, उजेड सोसेना, नेहमीपेक्षा जास्त झोप येऊ लागली किंवा बोलणं भरकटलं, तर फोनसुद्धा करत बसू नका. गाडी काढा. आणि गावात कुणी अँटिबायोटिक देऊ केलं तर "आधी पाठीतलं पाणी तपासू द्या" असं सांगायला संकोचू नका. फक्त माणूस गळून गेला असेल आणि पुणं लांब असेल, तर पहिलं इंजेक्शन देऊन पुढे पाठवणं योग्य की नाही, ते डॉक्टरांनीच फोनवर ठरवायचं.

यजमानांना घरी हायड्रोकॉर्टिसोनची, म्हणजे शरीरात कमी पडणारं कॉर्टिसोल हे हॉर्मोन भरून काढणारी, गोळी दिली आहे का, तुम्ही लिहिलेलं नाही. पिट्यूटरीच्या ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना देतात. असेल तर ती एक दिवसही चुकवायची नाही, स्वतःहून बंद करायची नाही, आणि ताप आल्यास किती वाढवायची ते आत्ताच लिहून घ्या.

आता वाफ.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नोकरीला नवीन होते, रात्रपाळी होती. मोटारसायकलवरून पडलेला एक विशीतला मुलगा वॉर्डात होता. रात्रभर त्याच्या नाकातून पाणी गळत होतं. मी दोनदा उशीचा अभ्रा बदलला आणि वहीत लिहिलं: 'सर्दी आहे'. सकाळी चार्ज देताना आमच्या मोठ्या सिस्टरनी खाली टाकलेला अभ्रा उचलून खिडकीशी धरला. मधे गुलाबी डाग आणि भोवती फिकट वर्तुळ, ओल्या कागदावर शाई पसरावी तसं. रक्तात मेंदूचं पाणी मिसळलं असावं, याची ती खूण. त्या मला काही बोलल्या नाहीत. नुसता अभ्रा माझ्या हातात दिला आणि डॉक्टरांना बोलावलं. मुलगा वाचला. मी साडेतीन वर्षं हेच शिकून आले होते, ताई, आणि तरी मी सर्दी लिहिली.

तुम्ही पाठवलेल्या डिस्चार्ज कार्डाच्या फोटोत, दुसऱ्या पानावर तळाला, 'सीएसएफ ऱ्हायनोरियाकडे लक्ष ठेवावे' अशा अर्थाची ओळ आहे, म्हणजे मेंदूचं पाणी नाकातून गळतंय का ते बघा. इंग्रजीत, औषधांच्या यादीखाली, मुंगीएवढ्या अक्षरात. ती तुम्हाला कुणी मराठीत समजावून सांगितली नसेल, तर सर्दी आणि मेंदूचं पाणी यांतला फरक तुम्हाला कळायचा कुठून? वाफेनं जंतू वर चढत नाहीत. ओव्यानं आणि आल्यानं तर नाहीच नाही. वाट उघडी होती, नाकातले जंतू नाकातच होते. जोरानं नाक शिंकरलं असेल तर गळती वाढू शकते, एवढं खरं. तीन दिवस आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, हेही खरं; खोटा धीर मला देता येत नाही. पण जे माहीतच नव्हतं त्याचा दोष स्वतःवर घेऊन तुम्ही आता, माहीत असताना, थेंब लपवताय. पहिल्या तीन दिवसांबद्दल मला तुमच्याविरुद्ध काही म्हणायचं नाही. या दहा दिवसांबद्दल आहे.

दिरांच्या दोन शंका आहेत. ठाण्याहून उंटावरून शेळ्या हाकतात म्हणून त्या सोडून द्यायच्या असं नाही. दुसरी शंका तर चांगलीच आहे.

जंतू वाढले नाहीत, म्हणजे जंतू नव्हतेच, असं नाही. गावातल्या गोळ्या आधीच पोटात गेल्या होत्या. अर्धवट मेलेले जंतू प्रयोगशाळेत वाढत नाहीत, पण आत सूज ठेवतात. म्हणून डॉक्टर त्या पाण्यातल्या पांढऱ्या पेशी, साखर, प्रथिनं, लॅक्टेट सगळं एकत्र बघतात. त्यातही घोळ असतो, कारण नुकतंच ऑपरेशन झालेल्या माणसाच्या पाण्यात रक्त आणि पेशी तशाही सापडतात. आणि गंमत अशी की ऑपरेशननंतर जंतूंशिवायही ही सूज येते. पाण्यात मिसळलेलं रक्त विरघळताना किंवा काही गाठींमधला ऐवज सांडल्यानं आवरण चिडतं. ताप तसाच, डोकेदुखी तशीच, मान तशीच ताठ. लहान मुलांच्या डोक्याच्या मागच्या भागातल्या ऑपरेशननंतर हे विशेष दिसतं, आणि ते स्टेरॉइडनं निवळतं. पण दोन्हींतला फरक पहिल्या दिवशी खात्रीनं सांगणं भल्याभल्यांना जमत नाही. म्हणून संशय असला की आधी अँटिबायोटिक सुरू करतात, कल्चरची, म्हणजे पाण्यात जंतू वाढतात का त्या तपासणीची, वाट बघतात, मग ठरवतात. तुमच्याकडे तर नाक गळत होतं. त्या वेळी इंजेक्शनं न देण्याची हिंमत मी तरी कुणा डॉक्टरला करू दिली नसती. ती इतके दिवस शिरेतून का, याचंही कारण आहे: रक्तातलं औषध मेंदूच्या पाण्यात सहज झिरपत नाही. गोळ्यांवर भागत नाही, मोठी मात्रा लागते, आणि काही जंतूंना दोन-तीन आठवडे पाठलाग करावा लागतो.

पहिली शंका, हत्यारांची. कवटी उघडून केलेल्या ऑपरेशननंतर शंभरात एखाद्याला मेनिंजायटिस होतो. उत्तम ठिकाणीही होतो. मेंदूतलं पाणी बाहेर काढायला नळी ठेवली असेल तर हे प्रमाण बरंच वाढतं, आणि नळी जितके दिवस राहील तितका धोका जास्त. ज्यांच्या घरी शंट (डोक्यातलं जादा पाणी वळवून नेणारी, शरीरात कायम ठेवलेली नळी) बसवलेलं मूल आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं: शंटवर जंतू बसले तर नुसत्या औषधानं सहसा भागत नाही, शंट काढून नवा बसवावा लागतो. हे जंतू कधी रुग्णाच्या स्वतःच्या कातडीवरचे असतात, कधी वॉर्डातले. आपल्याकडच्या रुग्णालयांत औषधांना न जुमानणारे जंतू मुरलेले आहेत आणि हात धुण्यात हयगय होते, हे मी आत राहून पाहिलंय. तेव्हा कुणाची चूक नसतेच असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या बाबतीत नाकातून गळणारी उघडी वाट समोर दिसत असताना आधी हत्यारांकडे बोट दाखवणं मला पटत नाही. विचारायचंच असेल तर हे विचारा: ऑपरेशनच्या वेळीच पाणी आलं होतं का? आलं असेल तर ते कशानं बुजवलं? घरी सोडताना गळती आहे का, हे वाकवून पाहिलं होतं का?

याची उत्तरं ऑपरेशन नोट्समध्ये असतात. त्या मागा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार रुग्णानं मागितल्यापासून ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. फक्त डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. ऑपरेशन नोट्स, नर्सिंग चार्ट, सगळे पाण्याचे रिपोर्ट, आणि स्कॅनची नुसती फिल्म नव्हे, सीडी. ही कागदं तुम्हाला केससाठी लागोत न लागोत, दुसऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यासाठी नक्की लागतील. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते. म्हणजे तो निर्णय या महिन्यात घ्यायलाच हवा असं नाही. आणि दिरांना हेही सांगा, की गुंतागुंत झाली म्हणजे हलगर्जीपणा झाला असं न्यायालय मानत नाही. जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००५ साली हे स्पष्ट केलंय. त्या विषयातल्या साधारण जाणत्या डॉक्टरनं घेतली असती तेवढी काळजी घेतली का, हे पाहतात. कागद वाचल्याशिवाय त्याचं उत्तर तुम्हाला नाही, मला नाही, दिरांनाही नाही. "केस की नशीब" एवढेच दोन रस्ते तुम्ही धरलेत. मधे 'विचारणं' नावाचा एक रस्ता आहे आणि तो सगळ्यात कमी वापरला जातो.

सासूबाईंचं मला वाईट वाटत नाही. दुधानं तोंड पोळलंय, त्या ताक फुंकणारच. पण त्यांच्या डोळ्यांसमोर कवटी कापण्याचं चित्र आहे का, ते विचारून घ्या. गळती बुजवण्याचं पहिलं यशस्वी ऑपरेशन अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी १९२६ साली केलं, तेव्हा कपाळाकडून डोकं उघडावं लागलं होतं. आता बहुतेक वेळा नाकातूनच जातात. मांडीवरची थोडी चरबी किंवा स्नायूवरचा पापुद्रा घेतात, भोकावर बसवतात आणि नाकाच्या मधल्या पडद्याचं, रक्तपुरवठा शाबूत ठेवलेलं अस्तर त्यावर वळवून लिंपतात. अनुभवी हातांत दहातल्या नऊंहून जास्त जणांची गळती यानं बंद होते. धोका शून्य नाही. भूल आहे, पुन्हा काही दिवस वाकायचं नाही, क्वचित पुन्हा गळतं.

दुसरे पर्याय? नुसतं पडून राहणं: अपघातातल्या काही गळत्या अशा आपोआप बंद होतात. पुन्हा पाठीत नळी: ती एकदा झाली, आणि पाणी परतलं. म्हणून डॉक्टर हे दोन्ही पुन्हा सुचवतील असं मला वाटत नाही, सुचवलं तर का ते विचारा. रोज अँटिबायोटिकची गोळी घेत राहणं: हा पर्याय मला नातेवाइकांनी शंभरदा विचारलाय. त्यानं मेनिंजायटिस भरवशानं टळत नाही, उलट गोळीला न जुमानणारे जंतू मागे उरतात. दुसऱ्या न्यूरोसर्जनचं मत घ्यायचं असेल तर जरूर घ्या, त्यात पहिल्यांचा अपमान नाही. पिट्यूटरीची आणि कवटीच्या तळाची ऑपरेशनं नेहमी करणारे आणि कान-नाक-घशाचे सर्जन जोडीला घेणारे बघा. मात्र हे दिवसांत उरका, महिने लावू नका. याच भेटीत न्यूमोकॉकसच्या लसीचंही विचारा. गळती असलेल्यांना या जंतूचा मेनिंजायटिस होण्याचा धोका जास्त असतो, म्हणून ती सुचवतात.

खर्चाचं तुम्ही एका ओळीत लिहिलंत, पण ती ओळ मला लांब वाटली. पहिल्या वेळी कर्ज झालंय. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, भरती होण्याआधी रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला गाठा आणि हे ऑपरेशन पॅकेजमध्ये बसतं का ते विचारा. भरती झाल्यावर विचारलं की धावपळ होते. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात, उत्पन्नाच्या दाखल्यावर. तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. पैशासाठी डॉक्टरांना थेंब सांगायचे राहिले असतील, तर तेही मला समजू शकतं.

जाऊबाईंची भीती वेगळ्या मेनिंजायटिसची आहे. शाळांमध्ये, छावण्यांमध्ये पसरतो तो मेनिंगोकॉकस नावाच्या जंतूचा. त्यात जवळच्यांनाही औषध देतात. ऑपरेशननंतरचा हा आजार ताटातून, श्वासातून, मिठीतून लागत नाही. ताट-वाटी आजच एकत्र करा. जाऊबाईंना पटत नसेल तर डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, पण मुलांना काकांकडे येऊ द्या. असं वेगळ्या ताटात जेवणं त्या माणसाला कसं लागत असेल?

आणि त्या माणसाचा चिडका स्वभाव, विसरणं, दुपारचं पडून राहणं. तुम्ही लिहिलंय, "डोक्यावर परिणाम झालाय." झालाही असेल, मेनिंजायटिसनंतर थकवा, लक्ष न लागणं काही महिने टिकतं. पण पिट्यूटरी ही थायरॉइडला आणि कॉर्टिसोलला हुकूम देणारी ग्रंथी आहे. ते हॉर्मोन्स कमी पडले तरी माणूस अगदी असाच होतो, आणि ते गोळीनं भरून निघतं. तेव्हा 'आता हे असेच राहणार' असं धरण्याआधी हॉर्मोन्सची आणि सोडियमची तपासणी, आणि एकदा कानांची. ऐकायला कमी येणारा माणूस विसरभोळा वाटतो. या आजारानंतर कानांची तपासणी करतातच, पण घाईत राहून जाते. शिवाय डोक्यात पाणी साठल्यानंही सुस्ती येते. ते नव्या स्कॅनमध्ये दिसेल.

राहिलं वाफेचं सांगणं. तुम्हाला वाटतं, तुम्ही सांगितलं की ते तुम्हाला दोष देतील. कदाचित देतील, चिडलेलेच आहेत. पण जरा विचार करा, वाफ तुम्ही दिलीत, घेतली त्यांनी. नाक त्यांचं होतं. पाणी गळत होतं हे त्यांनाही कळत होतं, आणि आज सकाळी बूट घालताना पडलेले थेंब त्यांनीही पाहिलेत. तेही कुणाला बोललेले नाहीत. तुम्ही त्यांच्यापासून लपवताय असं समजून चालला आहात. मला पत्र वाचताना सारखं वाटत होतं, की दोघं एकमेकांपासून लपवताय. आज रात्री जेवताना, एकाच ताटात वाढून घेऊन, वाफेचं सांगून टाका. आणि मग विचारा, रात्री उताणं झोपल्यावर घशात खारट पाणी येतं का.